जपानी उद्यान आणि बौद्ध ‘आराम’ : पुण्यातील एका प्रतिकृतीच्या निमित्ताने

वर्षावास संपल्यानंतर जालना जिल्ह्यातील विहारांमधून धम्मसहली निघू लागतात. भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, परतूर या भागांतील उपासक-उपासिका वर्गणी गोळा करून गाडी ठरवितात आणि पुण्याकडे जावयाचे झाल्यास कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी आणि देहूरोडचे विहार पाहतात. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. अशा सहलीत पुणे शहरातील एका उद्यानाचाही समावेश होऊ लागला आहे. सिंहगड रस्त्यावरील हे उद्यान पु. ल. देशपांडे उद्यान या नावाने ओळखले जाते. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही त्याचे नाव आहे. जपानमधील ओकायामा नगरीत ‘कोराकुएन’ नावाचे जे प्रसिद्ध उद्यान आहे, त्याच्या धर्तीवर हे उद्यान रचलेले आहे.

हे उद्यान पाहून आलेले उपासक दोन प्रकारचे मत व्यक्त करतात. काहींच्या मते जपान हा बौद्ध देश असल्यामुळे तेथील उद्यान हे बौद्ध उद्यानच होय आणि म्हणून तेथे जाणे ही एक प्रकारची धम्मयात्राच आहे. इतरांच्या मते हे केवळ करमणुकीचे ठिकाण आहे, गोरगरिबांच्या वर्गणीचा पैसा अशा ठिकाणी खर्च करू नये. ही दोन्ही मते अर्धवट माहितीवर आधारलेली आहेत. जपानी उद्यानाचा बौद्ध परंपरेशी संबंध नेमका कोणता, तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, ही उद्याने कोणाच्या हातांनी घडली, आणि प्रतिकृती पाहताना बौद्धाची दृष्टी कशी असावी, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ आणि प्रतिकृती

प्रथम मूळ उद्यानाची माहिती करून घेणे आवश्यक आहे. ओकायामा प्रांताचा सरंजामदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली या उद्यानाच्या कामास आरंभ करविला आणि १७०० साली ते पूर्ण झाले. त्सुदा नागातादा या त्याच्या अधिकाऱ्याकडे कामाची जबाबदारी होती. आसाही नदीच्या पात्रातील भूभागावर, ओकायामाच्या किल्ल्यासमोर हे उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १३ हेक्टर असून कानाझावा येथील केनरोकुएन व मितो येथील कायराकुएन यांच्यासह जपानमधील तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. विस्तीर्ण हिरवळी, तळी, वळणे घेत वाहणारा ओढा, मातीचे उंचवटे, चहापानाची लहान घरे, त्याचप्रमाणे भाताची खाचरे व चहाचा लहानसा मळाही त्यात आहे. असे उद्यान एका जागी बसून पाहावयाचे नसते. वाटेने चालत राहावे आणि प्रत्येक वळणावर नवे दृश्य समोर यावे, अशी त्याची योजना असते.

हे उद्यान सरंजामदाराचे कुटुंब आणि त्याचे पाहुणे यांच्यासाठी होते. जपानमधील सरंजामशाहीचा अंत झाल्यानंतर १८८४ साली ते प्रांताच्या शासनाकडे आले आणि सर्व लोकांसाठी खुले झाले. पुढे १९३४ सालच्या महापुरात आणि १९४५ सालच्या बॉम्बहल्ल्यात त्याची मोठी हानी झाली. जुनी चित्रे व आराखडे यांच्या आधारे ते पुन्हा उभारण्यात आले. समोरचा किल्लाही १९४५ साली जळाला आणि १९६६ साली काँक्रीटमध्ये बांधण्यात आला. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो त्याचाही बराचसा भाग जुन्याबरहुकूम नव्याने केलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

पुण्यातील उद्यान २००६ साली लोकांसाठी खुले झाले. ते सुमारे १० एकरांचे आहे. आम्ही पाली वर्गातील विद्यार्थ्यांसह ते पाहिले तेव्हा कोराकुएनमधील रचनेची तत्त्वे येथे कशी उतरविली आहेत हे पाहण्याचा प्रयत्न केला. हिरवळीचे उंचवटे, दगडांमधून खळाळत जाणारा प्रवाह, त्यातील मोठमोठे रंगीत मासे, छोटे पूल आणि नागमोडी वाट या गोष्टी तेथे आहेत. जपानमधील माती, हवामान आणि झाडे पुण्यात आणता येत नाहीत, त्यामुळे ती जशीच्या तशी नक्कल नाही. तिला रचनातत्त्वाची प्रतिकृती म्हणणे अधिक योग्य होईल.

हे उद्यान बौद्ध आहे काय?

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, कोराकुएन हे बौद्ध उद्यान नव्हे. ‘कोराकुएन’ या नावाचा अर्थ ‘नंतर सुख घेण्याचे उद्यान’ असा होतो. राज्यकर्त्याने प्रजेच्या चिंता सर्वांआधी वाहाव्यात आणि सुख मात्र सर्वांनंतर घ्यावे, असा एक चिनी राजनीतिविचार आहे. त्यावरून हे नाव १८७१ साली देण्यात आले. तो विचार कन्फ्यूशियसच्या परंपरेतील आहे. विचार उत्तम आहे यात शंका नाही, परंतु तो बुद्धवचन नाही. तेव्हा ‘जपानी म्हणजे बौद्ध’ हे समीकरण आपण सोडून दिले पाहिजे. जपानच्या संस्कृतीत शिंतो, कन्फ्यूशियसचा विचार आणि बौद्ध धम्म हे तिन्ही प्रवाह मिसळलेले आहेत आणि अभ्यासकाने ते वेगवेगळे ओळखावयास शिकले पाहिजे.

असे असले तरी जपानी उद्यानकलेच्या उगमाशी बौद्ध कल्पना आहेत हेही तितकेच खरे आहे. जपानमध्ये बौद्ध धम्म सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातील पेकचे राज्यातून गेला. ‘निहोन शोकी’ हा जपानचा प्राचीन इतिहासग्रंथ ७२० साली पूर्ण झाला. त्यात ६१२ सालाखाली अशी नोंद आहे की, सम्राज्ञी सुइको हिच्या राजवाड्याच्या दक्षिणेकडील आवारात सुमेरू पर्वताची आकृती व एक पूल तयार करण्यात आला. जपानमधील उद्यानरचनेविषयीची ही अत्यंत जुनी नोंद होय. सुमेरू म्हणजे पाली साहित्यातील ‘सिनेरु’. बौद्ध विश्वकल्पनेत तो जगाच्या मध्यभागी असलेला पर्वत आहे. भारतातील ही कल्पना चीन व कोरिया या मार्गाने जाऊन जपानच्या राजवाड्यात दगडांच्या रूपाने उभी राहिली.

पुढील काळात ‘सुखावती’ची कल्पना प्रभावी झाली. अमिताभ बुद्धाच्या सुखावती भूमीत कमळांनी भरलेली तळी व रत्नमय वृक्ष असल्याचे वर्णन महायान ग्रंथांत येते. ही भूमी डोळ्यांना दिसावी म्हणून जपानच्या सरदारांनी विहारासमोर तळी खोदविली. उजी येथील ब्योदोइन विहाराचे १०५३ सालचे सभागृह तळ्याच्या पाण्यात आपले प्रतिबिंब पाहत उभे आहे, ते याच कल्पनेतून. पालीच्या अभ्यासकाला या वर्णनावरून दीघनिकायातील महासुदस्सन सुत्ताची आठवण होते. तेथेही कुसावती नगरीतील कमळतळी आणि रत्नमय ताडवृक्ष यांचे तपशीलवार वर्णन आहे. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. पाली सुत्ताचा शेवट हे सारे वैभव नाहीसे झाले, संस्कार अनित्य आहेत, या शिकवणीत होतो. ते वैभव मरणानंतर मिळविण्याची इच्छा धरावी, असे तेथे सांगितलेले नाही. बाबासाहेबांनी आपल्यापुढे जो धम्म मांडला त्यातही मरणोत्तर स्वर्गाला स्थान नाही. तेव्हा सुखावतीच्या उद्यानांचे सौंदर्य आपण अवश्य पाहावे, पण त्यांच्यामागील श्रद्धा आपल्या धम्मदृष्टीशी ताडून पाहावी.

उद्यानात दिसणारे दगडी दिवे हेही मुळात विहाराशी संबंधित आहेत. बुद्धालयासमोर दीपपूजेसाठी असे दिवे उभारले जात. सोळाव्या शतकात चहापानाच्या विधीला महत्त्व आले तेव्हा रात्रीच्या वाटेवर उजेड असावा म्हणून ते उद्यानात आले. तीन दगडांच्या विशिष्ट मांडणीला ‘बुद्धत्रय’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण मधला उंच दगड बुद्धाचा आणि बाजूचे दोन बोधिसत्त्वांचे, अशी ती योजना असते. क्योतो येथील र्योआनजी विहारातील वाळू आणि १५ दगडांचे उद्यान झेन परंपरेतील आहे. कोठेही बसले तरी एखादा दगड दृष्टीआड राहतो, अशी त्याची ख्याती आहे. ‘झेन’ हा शब्द म्हणजे आपला ‘झान’ किंवा ‘ध्यान’ हाच होय. चीनमध्ये त्याचे ‘छान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’.

‘आराम’ : शब्द आणि संस्था

उद्यान आणि बौद्ध धम्म यांचा संबंध समजून घेण्यासाठी जपानपर्यंत जाण्याची गरज नाही. तो पाली भाषेतील एकाच शब्दात साठविलेला आहे. पालीत ‘आराम’ म्हणजे रमण्याचे ठिकाण, बाग, फळझाडांचे वन. हाच शब्द पुढे भिक्खुसंघाच्या निवासासाठी रूढ झाला. ‘संघाराम’ हा शब्द त्यावरूनच आला. आज मराठीत ‘आराम’ म्हटले की विश्रांती एवढाच अर्थ मनात येतो, आणि हा मराठी शब्द फारसीतून आलेला आहे. पाली ‘आराम’ त्याहून निराळा आहे.

विनयपिटकात पहिल्या आरामाच्या दानाची कथा येते. राजगृहात मगधराज बिंबिसाराने विचार केला की, भगवंतांनी राहावे तरी कोठे? ती जागा गावापासून फार दूर नसावी व फार जवळही नसावी. भेटीस येणाऱ्या लोकांना जाण्यायेण्यास सोयीची असावी. दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री गोंगाट नसावा. या कसोटीस उतरणारे आपले वेळुवन उद्यान त्याने बुद्धप्रमुख भिक्खुसंघास दिले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, जागेच्या निवडीत सौंदर्याइतकाच लोकांच्या येण्याजाण्याचा विचार आहे. अरण्यात एकट्याने तप करण्याची ती जागा नव्हती. राजाचे खाजगी उद्यान संघाचे झाले आणि संघाच्या दारातून ते सर्व वर्णांच्या लोकांचे झाले. उपालि न्हावी आणि सुनीत भंगी ज्या संघात सन्मानाने राहिले, त्या संघाचे ते घर होते.

जेतवनाची कथा सर्वांना परिचित आहे. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने राजपुत्र जेताकडे त्याचे उद्यान मागितले. जमीन कोटी नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, असे जेत म्हणाला. न्यायाधिकाऱ्यांनी निर्णय दिला की, ज्या अर्थी राजपुत्राने किंमत बोलून दाखविली त्या अर्थी व्यवहार झाला. अनाथपिंडिकाने गाड्या भरून धन आणविले व जमिनीवर पसरविले. दाराजवळची थोडी जागा उरली तेव्हा जेताचे मन बदलले. ती जागा त्याने स्वतःचे दान म्हणून मागून घेतली व तेथे दरवाजाची इमारत बांधली. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे. बैलगाडी, नाणी पसरणारे सेवक आणि हातात दानोदकाची झारी घेतलेला अनाथपिंडिक त्यात ओळखता येतो. ते शिल्प कोलकात्याच्या संग्रहालयात आहे.

ही कथा जपानी उद्यानशास्त्रातही पोहोचलेली आहे. अकराव्या शतकातील ‘साकुतेइकी’ हा जपानमधील उद्यानरचनेवरील प्राचीन ग्रंथ होय. झाडे का लावावीत हे सांगताना त्याचा लेखक जेतवनाचाच दाखला देतो. तेथील कथेत थोडा फरक आहे. अनाथपिंडिकाला झाडांची किंमत देणे जड गेले, तेव्हा जेताने झाडांचे मोल न घेता ती बुद्धाला अर्पण केली, असे तेथे म्हटले आहे. क्योतो शहरातील सुप्रसिद्ध ‘गिओन’ या भागाचे नावही जेतवनाच्या चिनी भाषांतरावरूनच आलेले आहे. श्रावस्तीच्या एका बागेची स्मृती इतक्या दूरवर जिवंत राहिली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाबरोबर पुढील प्रश्नही विचारला पाहिजे.

ही उद्याने कोणी घडविली?

उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी राजा, सरंजामदार किंवा नगरपिता यांची नावे असतात. दगड वाहणाऱ्यांची नसतात. जपानच्या बाबतीत मात्र काही नोंदी शिल्लक आहेत आणि त्या आमच्या वाचकांनी आवर्जून जाणून घ्याव्यात अशा आहेत.

वर सांगितलेला ६१२ सालचा सुमेरू पर्वत कोणी रचला? पेकचेहून आलेल्या एका परदेशी माणसाने. त्याच्या तोंडावर व अंगावर पांढरे डाग होते. लोकांना त्याची किळस आली व त्याला समुद्रातील एखाद्या बेटावर सोडून देण्याचे ठरले. तेव्हा त्याने विचारले की, डाग असलेल्यांचा इतका तिटकारा असेल तर ठिपकेदार गुरे व घोडे तरी या देशात का पाळता? पुढे तो म्हणाला की, मला पर्वतांच्या आकृती रचता येतात, मला ठेवून घेतले तर देशाचा लाभच होईल. त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि त्याच्याकडून सुमेरू रचून घेण्यात आला. ‘मिचिको नो ताकुमी’ या नावाने तो ओळखला जातो. जपानी उद्यानाच्या इतिहासात ज्याचे नाव इतक्या आरंभी येते, तो कारागीर बहिष्कृत होता होता वाचलेला माणूस होता.

मध्ययुगात तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्या काळी जपानमध्ये ‘कावारामोनो’ म्हणजे ‘नदीकाठचे लोक’ या नावाने ओळखला जाणारा एक वर्ग होता. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे ही कामे त्यांच्याकडे होती आणि त्यामुळे त्यांना अपवित्र मानले जाई. नदीच्या पात्रालगतच्या ज्या जमिनीवर कर नसे अशा जागी ते राहत. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे दुःख ज्यांनी भोगले त्यांना हे वर्णन अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. याच लोकांकडे माती खणण्याचे, झाडे लावण्याचे व दगड बसविण्याचे काम आले आणि त्यातून श्रेष्ठ उद्यानकार निर्माण झाले.

त्यांतील झेनआमी हा सर्वांत प्रसिद्ध. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा या शोगुनचा तो आवडता उद्यानकार होता. तो आजारी पडला असता शोगुनने त्याच्यासाठी औषध पाठविल्याची नोंद आहे. नारा येथील दायजोइन विहाराचे उद्यान त्याच्या नावाशी जोडलेले आहे. त्याच्या नावातील ‘आमी’ हा अंश अमिताभाच्या नावावरून घेतलेला आहे. असे धार्मिक नाव धारण केल्याने खालच्या मानलेल्या माणसालाही सत्ताधाऱ्याच्या दालनात प्रवेश मिळू शकत असे. झेनआमीचा नातू माताशिरो हाही उद्यानकार होता. एका झेन भिक्षूच्या दैनंदिनीत १४८९ साली त्याचे बोलणे नोंदलेले आहे. खाटकाच्या कुळात जन्म झाल्याचे आपल्याला दुःख आहे, म्हणून आपण प्राणिहिंसा न करण्याचा आणि धनाचा लोभ न धरण्याचा निश्चय केला आहे, असा त्याचा आशय आहे. पंचशीलाशी परिचय असलेल्या वाचकाला या निश्चयाचा अर्थ तत्काळ कळेल. र्योआनजीच्या उद्यानातील एका दगडाच्या मागील बाजूस दोन नावे कोरलेली आहेत. ती अशाच कारागिरांची असावीत असे मानले जाते. समोरून पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत.

माताशिरोच्या बोलण्यातील वेदनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आपल्या जन्माचे दुःख त्याला वाटले, पण ज्या समाजाने त्या जन्माला हीन ठरविले तो समाज बौद्ध म्हणविणाराच होता. बौद्ध शीलातील प्राणिहिंसेच्या निषेधाचा उपयोग कातडे कमावणाऱ्यांना अपवित्र ठरविण्यासाठी करण्यात आला. पुढे कित्येक विहारांनी या वर्गातील मृतांना हीनतादर्शक धम्मनावे दिली व ती त्यांच्या स्मृतिशिलांवर कोरली. मांस खाणारा सरदार शुद्ध आणि कातडे सोलणारा मात्र अशुद्ध, हा न्याय बुद्धाचा नव्हे. माणूस जन्माने नव्हे तर कर्माने श्रेष्ठ वा हीन ठरतो, हे वसलसुत्तातील भगवंतांचे प्रतिपादन तेथे विसरले गेले. १८७१ साली जपानी शासनाने या वर्गाची कायद्याने मुक्तता केली. ज्या वर्षी कोराकुएनला त्याचे आजचे नाव मिळाले तेच हे वर्ष होय. परंतु कायद्याने भेद संपला नाही. शेवटी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या लोकांनी स्वतःच ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली. पाण्याच्या पातळीसारखी समता, असा त्या नावाचा भाव आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. दोन देशांतील ही दोन आंदोलने एकमेकांपासून दूर होती, परंतु दोन्हींना पाण्याचीच साक्ष काढावी लागली.

यातून आमच्यासाठी निघणारा बोध स्पष्ट आहे. एखादा समाज बौद्ध म्हणविला म्हणून समतावादी होत नाही. धम्माचा आशय सामाजिक आचरणात उतरविला तरच तो टिकतो. बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर प्रतिज्ञा का दिल्या, याचे उत्तर जपानच्या या इतिहासातही सापडते.

पर्वतीची पार्श्वभूमी

जपानी उद्यानकलेत ‘शाक्केइ’ म्हणजे ‘उसने घेतलेले दृश्य’ असे एक तत्त्व आहे. उद्यानाबाहेरील डोंगर, वृक्ष वा वास्तू ही उद्यानाचाच भाग वाटावी अशी योजना करावयाची. कोराकुएनमध्ये समोरचा किल्ला व मागील टेकडी यांचे दृश्य असे उसने घेतले आहे. पुण्याच्या उद्यानाला अशी पार्श्वभूमी आपोआप लाभली आहे, ती पर्वतीच्या टेकडीची.

सामान्य प्रेक्षकाला ती एक सुंदर टेकडी वाटेल. आमच्या वाचकाला तिचा इतिहास माहीत असला पाहिजे. ऑक्टोबर १९२९ मध्ये याच टेकडीवरील देवस्थानात प्रवेश मिळावा म्हणून पुण्यातील अस्पृश्य बांधवांनी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज हे त्यात अग्रभागी होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मंदिराचे दार उघडले नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यानंतर काही महिन्यांतच सुरू झाला आणि १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ च्या अशोक विजयादशमीकडे जाणाऱ्या वाटेवरील एक पायरी म्हणून पर्वतीकडे पाहिले पाहिजे.

आज त्या टेकडीच्या छायेत असलेल्या या उद्यानात अल्प शुल्क भरून कोणीही जाऊ शकतो. पाण्याच्या काठी बसणाऱ्याला जात विचारली जात नाही. ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिच्यासाठी कोणी रक्त सांडले असेल हे नव्या पिढीला खरे वाटत नाही. सार्वजनिक तळी, विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला आणि तरीही चार वर्षांनी महाडला जावे लागले. ओकायामाचे उद्यान सरंजामदाराकडून लोकांकडे आले ते १८८४ साली. आपल्याकडे लोकांच्या पैशाने चालणारे पाणवठेदेखील लोकांचे व्हावयास संघर्ष करावा लागला. सहलीतील मुलांना पूल व मासे दाखविताना वडीलधाऱ्यांनी पर्वतीकडे बोट करून एवढे अवश्य सांगावे.

प्रतिकृतीकडे कसे पाहावे?

आता शेवटचा प्रश्न. प्रतिकृतीला काही मूल्य आहे काय? या संदर्भात कालिंगबोधि जातकाच्या निदानकथेत एक उद्बोधक प्रसंग येतो. भगवंत चारिकेला गेले असता जेतवनात येणाऱ्या लोकांना फुले वाहण्यास काही स्थान उरत नसे. ती फुले गंधकुटीच्या दाराशी ठेवून त्यांना परतावे लागे. अनाथपिंडिकाने ही अडचण आनंदापुढे मांडली आणि आनंदाने भगवंतांना चेतिये किती प्रकारची, असे विचारले. चेतिये तीन प्रकारची आहेत : शरीरधातूंवर उभारलेले सारीरिक, बुद्धांनी वापरलेल्या वस्तूंचे पारिभोगिक, आणि केवळ त्यांना उद्देशून केलेले उद्देसिक. यांतील पहिले बुद्धांच्या हयातीत शक्य नाही. तिसऱ्याला स्वतःचा वस्तुरूप आधार नाही, ते पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. बोधिवृक्ष मात्र बुद्ध हयात असोत वा नसोत, चेतियच आहे. तेव्हा मोग्गल्लानाने बोधिवृक्षाचे पक्व फळ आणले आणि अनाथपिंडिकाने त्याचे बीज जेतवनाच्या दाराशी लावले. तो वृक्ष ‘आनंदबोधि’ म्हणून प्रसिद्ध झाला.

या कथेत प्रतिकृती आणि रोप यांतील भेद फार सूक्ष्मपणे दाखविलेला आहे. प्रतिकृतीचे मूल्य पाहणाऱ्याच्या जाणिवेवर उभे असते. जाणीव नसेल तर ती दगड-माती होय. रोप मात्र मुळाशी जिवंत नाते ठेवून वाढत राहते. संघमित्रा थेरीने बोधिवृक्षाची शाखा अनुराधपुरास नेली, आणि अनुराधपुराच्या त्या वृक्षापासून आलेली रोपे नागपूरच्या दीक्षाभूमीवर वाढली, ही त्याच परंपरेची साखळी होय.

प्रतिकृती निरुपयोगी असते असा याचा अर्थ नव्हे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झालेल्यांपैकी बऱ्याच १८८५ साली जळाल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१७-१८ च्या सुमारास केलेल्या प्रतिकृती १९२३ सालच्या तोक्योच्या भूकंपात नष्ट झाल्या. उलट नारा येथील होर्युजी विहारातील, अजिंठ्याशी नाते सांगणारी मूळ भित्तिचित्रे जानेवारी १९४९ मध्ये आगीत होरपळली आणि आज तेथे प्रतिकृतीच पाहावयास मिळतात. कधी प्रतिकृती जाते व मूळ राहते, कधी मूळ जाते व प्रतिकृती राहते. जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठ्याच्या पायथ्याशी उभारलेल्या पर्यटक केंद्रातही १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती करण्यात आल्या, त्या मूळ चित्रांवरील गर्दीचा भार कमी व्हावा म्हणून. अनित्यतेची शिकवण ज्यांना मिळाली आहे त्यांनी मुळाचे जतन करावे, प्रतिकृतीचा उपयोग करून घ्यावा, आणि दोन्हींविषयी आंधळी आसक्ती ठेवू नये.

जालना जिल्ह्यातील उपासकांसाठी

पुण्याच्या उद्यानात वंदना घेण्याचे कारण नाही, कारण ते विहार नाही. नागपूरजवळ कामठी येथे १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस विहार जपानमधील ओगावा सोसायटीच्या दानातून घडले. तेथे बुद्धमूर्ती आहे, वंदना होते, ते उपासनेचे स्थान आहे. पुण्याचे उद्यान हे दोन नगरांच्या मैत्रीचे स्मारक व लोकांच्या विश्रांतीचे स्थळ आहे. हा भेद समजून ते पाहावे. सहलीत वेळ असेल तर तेथे एक तास शांतपणे, मोठ्याने न बोलता, वाटेने सावकाश चालावे. प्रत्येक पावलाविषयी जागरूक राहून चालणे हा आपल्याकडील चंक्रमणाचाच अभ्यास होय.

परंतु पुण्याला जाण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील मूळही पाहावे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातील माणसे इतक्या दूरच्या स्तूपासाठी दान देत होती. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांतर्फे येथे उत्खनन झाले. त्यात मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रतिमेशी साम्य दाखविते, एवढा या गावाचा व्यापार दूरवर पोहोचला होता. जपानच्या बागेची प्रतिकृती ज्यांनी पाहिली पण भोकरदनच्या पांढरीच्या टेकाडावर जे कधी उभे राहिले नाहीत, त्यांची धम्मसहल अपुरी आहे असे आम्हास वाटते.

आणखी एक सूचना. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की, जे बागा व वने लावतात, पूल बांधतात, पाणपोया व विहिरी करतात आणि निवारा देतात, त्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड व आमराया लावल्या आणि विहिरी खोदविल्या, तो याच शिकवणीचा राजकीय अवतार होता. आपल्या जिल्ह्यात पावसाचे मान कमी आहे आणि पाण्याची टंचाई नेहमीची आहे. येथे ओढे व हिरवळी निर्माण करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण प्रत्येक विहाराच्या आवारात पिंपळ, वड, कडुनिंब आणि आंबा यांची चार झाडे जगविणे व दाराशी उन्हाळ्यात पाणपोई चालविणे शक्य आहे. गावातील कोणत्याही जातीच्या माणसाने तेथे सावलीला बसावे व पाणी प्यावे.

सहलीहून परतलेल्या प्रत्येक गटाने एक रोप लावून त्याची तीन उन्हाळे निगा राखण्याची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी, आणि त्या नावांची यादी विहारात दर्शनी लावावी. र्योआनजीच्या दगडामागे लपलेल्या नावांप्रमाणे ती मागील बाजूस राहू नयेत.